पडदेमामा आणि दोन बटणं

माझा मामा पडदा ओढतो. हे कुणाला सांगितलं की लोक मान डोलावतात आणि विचारतात, "बरं, आणि काम काय करतो?" आता काय सांगणार! हेच काम करतो. नाटकाच्या हॉलमध्ये डाव्या विंगेत एक स्टूल आहे. त्याचा एक पाय आखूड आहे, म्हणून त्याखाली जुन्या तिकिटांची घडी. त्या स्टुलावर मामा, आणि मामाच्या नाकासमोर दोन दोर. एक ओढला की पडदा उघडतो, दुसरा ओढला की मिटतो. दिवसा तो खुर्च्या लावतो, पंखे पुसतो, कुणाचं मूल रडलं तर त्याला बाहेर नेऊन गाड्या दाखवतो. पण ते सगळं वरकड. मामा म्हणजे पडदा. सगळा हॉल त्याला मामाच म्हणतो, त्यामुळे मला खरा मामा एकटीला असा कधी मिळालाच नाही.

मामाने इतकी नाटकं पाहिली, पण समोरून एकही नाही. सगळी बाजूने. त्यामुळे तो नट ओळखतो ते डाव्या कानावरून. रस्त्यात एखादा मोठा नट समोरून आला तर मामा ढिम्म. तोच शेजारून पुढे गेला की मामा खुशीत ओरडतो, "अरे, हे तर आपले राजेसाहेब!"

स्वभावाचं म्हणाल तर मामा सांगितलेलं ऐकतो. इथेच सगळी गडबड आहे. आमचं आणि मामाचं घर एकाच जिन्यावर, त्यामुळे रविवारी दोन्हीकडून हाका सुरू. आई म्हणते, "अरे ए, इकडे ये, माळ्यावरचा डबा काढून दे." मामा निघाला. मामी शिलाई मशीनवरून म्हणते, "अहो, आधी माझा पट्टा बघा, घसरतोय." मामा वळला. आणि दोघी एकदम बोलल्या की मामा जिन्याच्या मधल्या पायरीवर खांबासारखा उभा. ना वर ना खाली.

तुम्हाला वाटेल, कोणीच काही बोललं नाही तर तो थांबत असेल. छे! कोणीच बोललं नाही तर मामा ज्या दिशेला निघालेला असतो, तिकडे आपला चालत राहतो. एकदा आईने त्याला मीठ आणायला पाठवलं. कोपऱ्यावरचं दुकान बंद होतं. मामा थेट पुलापर्यंत गेला. तिथे माझ्या बाबांना सापडला. "अहो, इकडे कुठे?" तर म्हणतो, "मीठ आणायला. थांब म्हणालंच नाही कोणी."

पडदा मात्र मामाचा आणि मामीचा मिळून. मामीने शिवलाय तो. मरून मखमल, आत जाड अस्तर, खालच्या शिवणीत वजनासाठी साखळी. शिवताना आमच्या दोन्ही घरांत पाय ठेवायला जागा नव्हती, आम्ही पडद्यावरच झोपायचो. त्या पडद्याला उजव्या बाजूला एक ठिगळ आहे, चपलेच्या आकाराचं. एका प्रयोगाला मामा उघडायचा दोर ओढत होता आणि एका अतिउत्साही नटाने मदत म्हणून मिटायचा दोर ओढला. दोघांनी जोर लावला आणि चर्रर्र! मामा तो आवाज अजून काढून दाखवतो, आणि काढला की स्वतःच दचकतो. प्रेक्षकांना ते ठिगळ दिसत नाही. मामाला अंधारातही दिसतं. त्या दिवसापासून मामाचा एकच नियम: दोन्ही दोर एकदम कधीही, कुणीही, काहीही झालं तरी ओढायचे नाहीत.

मग मोटार आली.

आणली सेक्रेटरींनी. हे हॉलचे सेक्रेटरी. खिशात हात घालून जन्मलेले असावेत, पण बटण दिसलं की हात बाहेर. रिकाम्या खोलीतला दिवा, पंखा, कुणी नुसतं मागे वळून बघेपर्यंत बंद. "काम नाही तर चालू कशाला? असं माझं स्पष्ट मत आहे." चहा आवडला तरी स्पष्ट मत. शिंक आली तरी मला वाटतं, ती त्यांची स्पष्टच असते.

मोटार बसवली वायरमनच्या मुलीने. तिला आम्ही ताई म्हणतो. ताई हुशार आहे, फक्त घाईत बोलते, आणि प्रत्येक गोष्ट तिला "सोप्पी" वाटते. तिने दोर कप्पीवरून मोटारला जोडले आणि स्टुलाशेजारी एक पेटी लावली. पेटीवर एक लाल बटण, दोन पांढरी, आणि वेगासाठी एक गोल फिरकी.

"सोप्पंय मामा. हे लाल बटण म्हणजे परवानगी. हे चालू नसेल तर बाकीच्यांनी कितीही बोंब मारली तरी मोटार ऐकणार नाही."

"कळलं," मामा म्हणाला. "म्हणजे तुझी मामी."

"हां. आता डावं पांढरं चालू, उजवं बंद, की पडदा उघडणार. उजवं चालू, डावं बंद, की मिटणार. सोप्पं?"

"सोप्पं."

"आता दोन्ही बंद केली की मोटार सैल. मोकळी. पडदा ज्या वेगात असेल तसाच घरंगळत जाणार."

मामाने मान हलवायचं थांबवलं. "बंद केल्यावर जाणार?"

"हो. आणि पडदा मध्येच थांबवायचा असेल तर दोन्ही चालू करायची. गच्च थांबतो."

मामाने आधी ताईकडे पाहिलं, मग पेटीकडे, मग वर पडद्याकडे. चपलेच्या ठिगळाकडेच पाहिलं असणार. "दोन्ही चालू," तो हळूच म्हणाला. "म्हणजे एक उघडायला ओढणार आणि एक मिटायला ओढणार. एकदम."

"नाही ना मामा! ओढतच नाहीत. दोन्ही चालू केली की मोटारची दोन्ही टोकं एकाच बाजूला जोडली जातात."

"एकाच बाजूला. म्हणजे दोघं एकाच बाजूला ओढतात. मग पडदा त्या बाजूला जायला हवा."

"तसं नाही हो. दोन्हीकडे सारखंच, म्हणून कोणीच ढकलत नाही. आणि मोटार फिरायला गेली की ती स्वतःच थोडी वीज तयार करते, आणि तीच वीज तिला मागे धरते."

"म्हणजे तीच पळते आणि तीच स्वतःला धरते?"

"बरोब्बर! सोप्पंय!"

मामा माझ्याकडे वळला. "तुला कळलं?" मी जोरात मान हलवली. अजिबात कळलं नव्हतं. आजही मी ते ताईच्या आवाजात जसंच्या तसं म्हणून दाखवू शकते, हातवाऱ्यांसकट. पण मध्येच कोणी "का?" विचारलं तर माझीही मोटार सैल.

सरावाला तर धमालच. मामाने फिरकी फार हळूवर ठेवली, पडद्याला दुखू नये म्हणून. मोटार नुसती गुणगुणायला लागली, पडदा जागचा हलेना. "आईने उठ म्हटल्यावर मी पांघरुणातून हो-हो म्हणते ना, तसं करतेय," मी म्हटलं. मामाने फिरकी वाढवली. मोटारने एकदम मनावर घेतलं आणि पडदा सुसाट निघाला. मामाने घाबरून दोन्ही बटणं बंद केली. सवयीने, आणि भिंतीवर सेक्रेटरींनी लावलेल्या पाटीनेही: 'काम नाही तर बंद'. पडदा थांबेल कशाला? आमच्या हॉलचा रूळ मधल्या भागात थोडा खाली वाकलाय. पडदा आपला मजेत घरंगळत मध्ये येऊन मिटला, आणि मामा त्याच्यामागे धावतोय, "अरे बंद केलंय! अरे बंद केलंय ना तुला!"

"दोन्ही चालू करा मामा!" ताई ओरडली.

मामा परत आला, दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहिला. "तेवढं सोडून काहीही सांग."

नाटक होतं पोस्टातल्या लोकांचं. त्यांचे दिग्दर्शक शिक्के मारायच्या खिडकीवर बसतात आणि तालमीतही प्रत्येक वाक्यानंतर टेबलावर मूठ मारतात. ठप्प! "शेवटचा प्रवेश. म्हातारी आई दारात उभी. ठप्प! पडदा मिटत येतो, मिटत येतो, आणि दाराएवढी फट ठेवून थांबतो. ठप्प! त्या फटीत फक्त आई. ती मुलाची वाट बघतेय. पडदा धरून ठेवायचा, बासरी संपेपर्यंत. मग मिटायचा. याच्यासाठीच आम्ही हे नाटक करतोय. ठप्प!"

दोर असता तर मामाने हे डोळे मिटून केलं असतं. मिटायचा दोर ओढणं थांबवायचं, आणि तोच मुठीत घट्ट धरायचा. पण दोर आता मोटारच्या हातात.

सेक्रेटरींनी सगळ्यांसमोर सांगितलं, "या प्रयोगाला बघू. शेवटचा प्रवेश जमला तर मामा आहेत तिथेच. नाही जमला, तर पेटी वर दिवेवाल्यांकडे जाईल. ते दिवेही बघतील, पडदाही बघतील. मामांना आपण बाहेर गाड्यांच्या फाटकावर बसवू. मोकळी हवा आहे. असं माझं स्पष्ट मत आहे."

मामाने स्टुलाखालची तिकिटांची घडी उगाचच सारखी केली. फाटकावरून नाटक बाजूनेही दिसत नाही, ऐकूही येत नाही. नुसते हॉर्न.

घरी मामी पट्टा घट्ट करत होती. मामाने सगळं सांगितलं, हात दोन बाजूंना ओढून दाखवत. "धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, तशी गत आहे," तो म्हणाला. "बंद केलं तर पळतो. थांबवायचा तर दोन्ही चालू करा म्हणते. मागच्या वेळी दोघांनी ओढलं तेव्हा काय झालं, तुला माहीत आहे."

"मला माहीत आहे," मामी म्हणाली. "पाठ अजून दुखते."

बस. मशीन पुन्हा सुरू. आणि मामा, कोणीच काही म्हणालं नाही म्हणून, काळजी करत राहिला.

प्रयोगाच्या दिवशी मी विंगेत पेटीच्या मागे बसले होते. आई आणि मामी तिसऱ्या रांगेत. शेवटच्या प्रवेशाआधीचा अंक चांगला गेला. शेवटी नाटकातले आजोबा आरामखुर्चीत मरतात, खरंच छान मरतात, आणि पडदा मिटतो. मामाने मिटवला. पूर्ण मिटला. इथेच हात काढून घ्यायचा होता. पण मामाच्या डोक्यात आलं, शेवटचा प्रवेश यायच्या आधी एकदा धीर करून बघूया. मिटायचं बटण चालू होतंच. त्याने डोळे घट्ट मिटले आणि उघडायचंही चालू केलं. आणि त्याच क्षणी भीतीने पहिलं बंद केलं.

म्हणजे चालू राहिलं काय? फक्त उघडायचं.

पडदा मोठ्या डौलाने उघडला. मेलेले आजोबा खुर्चीतून उठून पाठ खाजवत होते. "चहा आहे का रे?" त्यांनी विचारलं, आणि मग त्यांना समोर भरलेला हॉल दिसला. ते जसे उठले होते तसे परत बसले आणि पुन्हा मेले. लोकांनी खूप टाळ्या वाजवल्या; काहींना तो नाटकाचाच भाग वाटला. मामाने घाईघाईने पडदा पुन्हा मिटवला. दिग्दर्शकांनी विंगेत येऊन आपल्याच मांडीवर मूठ मारली. ठप्प.

सेक्रेटरी आले, पेटीकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं आणि म्हणाले, "आता शेवटचाच प्रवेश राहिला." स्पष्ट मत आहे असं म्हणाले नाहीत. त्यामुळे जास्त भीती वाटली.

ताई धावत आली. "मामा, पहिलं बंद करायचं नाही! ते चालू ठेवायचं आणि दुसरंही चालू करायचं. दोन्ही. एकत्र. काही फाटणार नाही. मी सांगते ना."

"तू सांगतेस ते खरंच असेल गं," मामा म्हणाला. त्याचा आवाज इतका लहान झाला होता. "तू शिकलेली आहेस, तू मोटार उघडून बघितली आहेस. माझं डोकं हो म्हणतं. हात नाही म्हणतो. मी काय करू? हाताला कोण समजावणार?"

ताईने पेटीचे स्क्रू पुन्हा एकदा पिळून पाहिले. "सोप्पंय" मात्र म्हणाली नाही.

मी उठले, प्रेक्षागृहात गेले आणि मामीला घेऊन आले. का आणलं ते मला तेव्हा माहीत नव्हतं. बहुतेक, मामाला कोणीतरी काहीतरी सांगायला हवं, एवढंच डोक्यात होतं. मामीच्या मागे आईही आली, कारण आई मागे राहत नाही. तिने आल्या आल्या सुरुवात केली, "अरे, घाबरतोस काय असा, लहानपणी पण तू—"

"ताई, थांबा जरा," मामी म्हणाली. आईला ताई म्हणते ती, नणंद ना. मामी पडद्यापाशी गेली, ठिगळ चाचपलं, शिवण दोन बोटांत धरून ओढून पाहिली, जशी ती गिऱ्हाईकाचे कपडे बघते. मग मामाकडे वळली.

"अहो."

"हं?"

"दाबा दोन्ही. फाटला तर फाटला. मी शिवते."

"पण तुझी पाठ..."

"पाठ माझी आहे ना? शिवते म्हटलं ना."

तिसरी घंटा झाली.

शेवटचा प्रवेश. म्हातारी आई दारात आली. मुलगा गेला, बासरी सुरू झाली. दिग्दर्शकांचा हात वर गेला. मामाने मिटायचं बटण चालू केलं. पडदा दोन्ही बाजूंनी यायला लागला, गाडीएवढी फट, खाटेएवढी, दाराएवढी, आणि मामाने दुसरं बटण दाबलं. पहिलं चालूच. डोळे उघडे. तोंडाने मात्र "चर्रर्र" असं अगदी हळू म्हणाला, स्वतःच.

पडदा गच्च थांबला. चर्रर्र नाही, धप्प नाही, काही नाही. फटीत म्हातारी आई उभी. बासरी चालू. हॉलमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही.

मामाने बटणांवरून हात काढला आणि बघत राहिला. मीही. आणि मग आम्हा दोघांना एकदमच दिसलं: पडदा उभा नव्हता. सरकत होता. मुंगीच्या पावलाने, वाकलेल्या रुळावरून, आपल्याच वजनाने, आत आत.

"ताई," मी कुजबुजले, "तू तर म्हणालीस गच्च."

"गच्च म्हणजे कुलूप नाही गं," ताई कुजबुजली. "मोटार फिरायला लागते तेव्हाच ती मागे धरते. अगदी हळू फिरली तर हळूच धरते."

आता हे काय नवीन? पण मामा विचारत बसला नाही. त्याने मिटायचं बटण पापणी लवेल एवढा वेळ बंद केलं, पडदा बोटभर उघडला, आणि पुन्हा दोन्ही चालू. फट पुन्हा दाराएवढी. थोड्या वेळाने परत तसंच. दोराला जशी हलकी ओढ देतात तशी. बासरी लांबत होती आणि मामा पडद्याच्या कडेवर डोळे लावून बसला होता, दूध उतू जाऊ नये म्हणून बघतात तसा.

तेवढ्यात खिशातून हात बाहेर. सेक्रेटरी. "अहो मामा! पडदा तर उभा आहे, आणि दोन्ही बटणं चालू? काम नाही तर—" आणि सवयीने दोन्ही बंद.

फट लगेच आवळायला लागली. म्हातारी आई अर्धी झाली.

माझ्या मामाने आयुष्यात कोणाला काही सांगितलं नव्हतं. नेहमी त्यालाच सांगितलं जायचं. तो सेक्रेटरींचं मनगट पकडून म्हणाला, "हात काढा." एका हाताने मनगट, दुसऱ्या हाताने उघडायचं बटण, मग दोन्ही. म्हातारी परत पूर्ण झाली. सेक्रेटरींनी हात काढला आणि तो खिशात कुठे ठेवायचा हे त्यांना बराच वेळ सुचलं नाही.

बासरी संपली. मामाने उघडायचं बटण बंद केलं, मिटायचं तसंच ठेवलं, पडदा मिटला. मग टाळ्या. या वेळी आजोबा मेलेलेच राहिले.

सेक्रेटरींनी ताईला विचारलं, "दोन्ही चालू ठेवली तर वीज किती जाते?"

"मोटारला? जवळजवळ नाहीच."

"दोन्ही चालू, आणि वीज नाही." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "दोन्ही बंद, आणि पडदा पळतो. दोन्ही चालू, तर धरतो, पण सरकतो." त्यांनी पेटीवर बोटाने टकटक केलं. "मला काही कळलेलं नाही. पण याच्याशेजारी सतत कोणीतरी बसायला हवं. दिवेवाल्यांना वरून ती कड दिसणार नाही. मामा, तुम्ही आहात तिथेच बसा. असं माझं..." आणि थांबले. "असं मला वाटतं."

मामा स्टुलावर बसला. स्टूल जरा डगमगलं, घडी कोणाच्या तरी पायाने सरकली होती. त्याने ती पुन्हा सारखी केली. मामी तोवर पडद्याची शिवण या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासत होती. तिला बहुतेक थोडं वाईटही वाटलं असावं की काहीच उसवलं नव्हतं.

घरी येताना मामा सगळ्या रस्त्याने हात दोन बाजूंना ओढत होता. "पण एक इकडे आणि एक तिकडे, तर फाटत का नाही?"

"फाटला का?" मामी म्हणाली.

"नाही."

"मग झालं तर."

"पण का नाही?"

मी ताईच्या आवाजात म्हणून दाखवलं, दोन्ही टोकं एकाच बाजूला, मोटार स्वतःच वीज करते, स्वतःला धरते, सोप्पंय. मामाने मन लावून ऐकलं. "हं," तो म्हणाला, आणि माझ्या तोंडाकडे अशा आशेने बघत राहिला की जणू आता पुढे अर्थ येईल. आला नाही. माझ्याकडे तेवढंच होतं.

जिन्यात पोचलो. आमच्या आधी पोचलेली आई वरून म्हणाली, "अरे ए, आधी इकडे जेवायला ये, सगळं वाढलंय." आणि खालून मामी म्हणाली, "अहो, घरी चला, हातपाय धुवा आधी." दोघी एकदम.

मामा मधल्या पायरीवर थांबला. गच्च. मी कठड्यावर टेकून बघत बसले. कोणालाही वाटलं असतं की तो अजिबात हलत नाहीये. पण मला आता बघायचं कसं ते माहीत होतं. त्याची एक चप्पल, मुंगीच्या पावलाने, मामीच्या बाजूच्या पायरीकडे सरकत होती.